डिझेल स्विफ्टचं इंजिन बसलं, आता दुसरं कोणतं टाकायचं?

गॅरेजमधून फोन येतो: "साहेब, इंजिन गेलं. दुसरं टाकावं लागेल. ओळखीत एक पडलंय, उद्या उचलू का?" ज्याचं रोजचं जाणं-येणं त्याच गाडीवर आहे तो माणूस पटकन हो म्हणून मोकळा होतो. कृपा करून एवढ्या घाईने हो म्हणू नका. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेल्या गाडीला इंजिन निवडायचं तर पहिलं कशाने गेलं याचा छडा आधी लागला पाहिजे, आणि तो जुनं इंजिन हाताशी असेपर्यंतच लागतो. ते भंगारात गेलं की पुरावा संपला. कारण मात्र गाडीतच राहतं आणि दुसऱ्या इंजिनाचाही घास घेतं.

हा लेख १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल समोर ठेवून लिहिला आहे. मूळ इंजिन फियाटचं. २००७ मध्ये ते स्विफ्टमध्ये आलं आणि मग डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा अशा मारुतीच्या कितीतरी गाड्यांत बसवलं गेलं. फियाटच्या पुंटो-लिनिया आणि टाटाच्या व्हिस्टा-मान्झासाठी ते आपल्या रांजणगावला तयार होत असे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, पण या गाड्या अजून ढिगाने रस्त्यावर आहेत आणि आता त्यांचं इंजिन काढण्याचं वय झालं आहे. तुमची गाडी दुसरी असली तरी क्रम हाच ठेवा, फक्त मापं आणि क्रमांक आपल्या मॉडेलचे घ्या.

आधी पंचनामा

मेस्त्रीला सांगा की चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) खोलायचं आणि त्या वेळी मी समोर असणार. गाळलेलं ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये घ्या आणि त्यातून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटतो तो लोखंडाचा चुरा. न चिकटणारी, उन्हात धरल्यावर तांबूस किंवा चंदेरी चमकणारी पूड ही बेअरिंगची. ती दिसली म्हणजे इंजिन ऑइलविना तडफडलं आहे, आणि तोच चुरा ऑइल कूलरमध्ये, टर्बोच्या नळीत, सगळीकडे पोचला आहे.

या इंजिनात ऑइलची गोष्ट जास्त नाजूक आहे, कारण चेंबरमध्ये मावतं जेमतेम तीनेक लिटर. टर्बोचा सील गळायला लागला किंवा रिंगा ऑइल पिऊ लागल्या की दोन सर्व्हिसच्या मध्ये पातळी किती खाली जाते हे मालकाला कळतही नाही. व्हॉल्व्हची वेळ सांभाळणाऱ्या टायमिंग चेनला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो आणि टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून ऑइल कमी झालं की ही दोन्ही एकदमच मरणाच्या दारात जातात. सकाळी पहिल्या स्टार्टला पुढून खळखळ येत असेल तर ती चेनची विनवणी असते.

आता इनलेटचा पाइप काढून टर्बोच्या तोंडात बघा. बोटांच्या चिमटीत शाफ्ट धरून आडवा हलवला तर किंचित खेळ जाणवणं चालतं. पण तो पुढे-मागे सरकत असेल किंवा पंखा घासून घराला चंद्रकोरीसारखा चरा पडला असेल तर टर्बो गेलेला आहे. पंख्याचं एखादं पातं तुटलेलं दिसलं तर ते कुठे गेलं ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. ते एक तर पाइपात असेल किंवा सिलिंडरमध्ये.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. "इंजिन गेलं" असा निकाल मिळालेली बरीच इंजिनं मुळात गेलेली नसतात. कूलंटच्या टाकीत ऑइल तरंगताना दिसलं की हेड गॅस्केटवर (ब्लॉक आणि वरचं हेड यांमधल्या पॅकिंगवर) खापर फुटतं. या इंजिनात ऑइल कूलर आतून फुटला तरी अगदी असंच दिसतं, आणि तो सुटा बदलता येतो. चेन उडाली आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भिडले तर बरेचदा रॉकर तुटतात. नुकसान हेडपुरतंच असेल तर खालचं इंजिन जसंच्या तसं वापरता येतं. म्हणून कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून घ्या. चारही सारखे आणि भरपूर असतील आणि ऑइलमध्ये बेअरिंगची पूडही सापडली नसेल, तर इंजिन बदलण्याचा विषय बाजूला ठेवा. एकच खाली असेल तर त्याच सिलिंडरच्या नोझलची (डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची) रिटर्न टेस्ट करा, म्हणजे त्यातून किती डिझेल परत जातं ते मोजा. गळक्या नोझलने पिस्टनला भोक पडलं असेल आणि तोच नोझल नव्या इंजिनावर चढवला, तर तोच खर्च पुन्हा दाराशी येईल.

तीन वाटा

पहिली वाट म्हणजे आपलंच इंजिन खोलून त्याचं काम करणं. दुसरी, हाफ इंजिन आणणं: ब्लॉक, क्रँक, पिस्टन तयार जुळवलेले, हेड आपलंच. तिसरी, दुसऱ्या गाडीतून निघालेलं पूर्ण इंजिन.

माझं मत सरळ आहे. ब्लॉक आणि क्रँक वाचण्यासारखे असतील तर आपलंच इंजिन बांधून घ्यावं. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, त्यामुळे बोअरिंग (सिलिंडर आतून कातून मोठा करणं) होतं. मात्र लेथवाल्याकडे ब्लॉक टाकण्याआधी ओव्हरसाइज पिस्टन आणि बेअरिंग बाजारात मिळतायत का, ते विचारा आणि शक्यतो हातात घ्या. बोअर करून झाल्यावर पिस्टन न मिळणं हा या धंद्यातला सगळ्यात महागडा उशीर. बोअरची मापं वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी घ्यायला लावा. मूळ बोअर ६९.६ मिलिमीटर. किती झिजला, गोल राहिला की लांबट झाला, हे या मापांतूनच कळतं. "हात फिरवून बघितलं, ठीक आहे" हे माप नव्हे. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलं आहे का ते सरळपट्टी आणि फिलर गेजने तपासलं पाहिजे, आणि प्रेशर टेस्टही झाली पाहिजे.

या वाटेचा अजून एक मोठा फायदा म्हणजे इंजिन क्रमांक बदलत नाही. तो ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि ब्लॉक तोच राहतो, त्यामुळे आरटीओचा फेराच टळतो.

क्रँक निळा पडला असेल, कनेक्टिंग रॉडने ब्लॉक फोडला असेल किंवा जवळपास भरवशाचा लेथवाला नसेल, तर दुसरी-तिसरी वाट. हाफ इंजिन नवीन, बिलासह मिळत असेल तर उत्तम, पण गाडीचं वय आणि उरलेली किंमत बघून. कागदावरची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१२ ची गाडी असेल तर नूतनीकरण जवळ आलं आहे, फिटनेस आणि पर्यावरण कर समोर आहेत. गाडीची बॉडी, सस्पेन्शन आणि खालचा पत्रा हे सगळं अजून पाच-सहा वर्षं टिकणार असेल तरच इंजिनावर पैसे घाला. दारांच्या खालच्या कडा गंजून गेलेल्या गाडीत चांगलं इंजिन घालू नये, असं मी प्रत्येकाला सांगतो.

खर्च मांडताना इंजिनाचा भाव हा एकटा आकडा धरू नका. गॅस्केट सेट, चेन किट, क्लच सेट, ऑइल सील, ऑइल कूलर, टर्बो किंवा त्याचा कोअर (मधला शाफ्ट-बेअरिंगचा गाभा), नळ्या, ऑइल, कूलंट, मजुरी आणि आरटीओ हे सगळं एका कागदावर लिहा. त्या कागदावर मेस्त्रीची सही घ्यायलाही लाजू नका.

कोणतं इंजिन जुळतं

"मल्टिजेट सगळं एकच" हे वाक्य बाजारात रोज ऐकू येतं आणि ते अर्धंच खरं आहे. आतला गाभा सारखा आहे. पण टाटा, फियाट आणि मारुतीच्या गाड्यांत फाउंडेशनचे (इंजिन गाडीला धरून ठेवणारे) ब्रॅकेट, चेंबरचा आकार, वायरिंग, सेन्सर आणि गिअरबॉक्सची जोडणी यांत फरक पडतात. फरक वेल्डिंग करून मिटवता येतात, पण रोजच्या गाडीत असली जुगाड मला मान्य नाही. मारुतीच्या गाडीला डी१३ए अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचंच इंजिन शोधा, आणि तेही आपल्याच मॉडेलचं, शक्यतो आपल्याच वर्षाच्या आगे-मागे.

दोन गोष्टी इथे नीट लक्षात घ्या. एक म्हणजे ताकद. स्विफ्ट-डिझायरचं नेहमीचं इंजिन ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटरचं, साध्या टर्बोचं. अर्टिगा आणि एसएक्स४ चं ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटरचं, व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोचं (ज्याच्या पात्यांचा कोन बदलतो). "मोठं इंजिन मिळतंय, पिकअप वाढेल" या मोहात पडू नका. तो टर्बो चालवायला त्याचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), त्याचं वायरिंग, त्याचे सेन्सर लागतात. ईसीयू बदलला की इमोबिलायझर (चावी ओळखणारी चोरीरोधक यंत्रणा) आणि चावी जुळवण्याचं नवं प्रकरण सुरू होतं. आपला ईसीयू, आपलं वायरिंग, आपली चावी हे सगळं जसं आहे तसंच ठेवायचं आणि त्याला जुळणारं इंजिन आणायचं.

दुसरी गोष्ट प्रदूषणाची श्रेणी. बीएस-४ देशभर एप्रिल २०१७ मध्ये लागू झालं, पण मुंबई, पुणे आणि सोलापूर ही त्या तेरा शहरांत होती जिथे ते एप्रिल २०१० मध्येच आलं. त्यामुळे २०१३ ची पुण्याची गाडी बीएस-४ असते आणि त्याच वर्षीची दुसऱ्या जिल्ह्यातली बीएस-३ असू शकते. वर्ष जुळलं म्हणून इंजिन जुळलं असं धरू नका. आपल्या आणि ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या, दोन्ही आरसीवरची श्रेणी बघा.

टर्बो पेट्रोलवाल्यांसाठी एवढंच: तिथे कमी फेऱ्यांवर जास्त बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) मारल्याने पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. म्हणून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल आणि मूळ ट्यून यांच्याशी खेळ नको. ज्या गाडीवर ट्यूनिंग झालेलं आहे तिचं इंजिन स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये.

बाजारात उभं राहून इंजिन वाचणं

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एखादी भंगाराची गल्ली. माल सगळीकडे आहे. सगळ्यात चांगलं इंजिन मिळतं ते मागून ठोकर बसलेल्या गाडीचं. विमा कंपनीने 'टोटल लॉस' ठरवलेली अशी गाडी धडधडीत चालत असताना भंगारात येते. पुढून ठोकलेल्या गाडीचं इंजिन घेताना पुली, ब्रॅकेट आणि फाउंडेशनचे कान तुटले आहेत का ते आधी बघा.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुरात बुडालेल्या गाडीचं. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आणि २०२१ चा चिपळूणचा पूर आठवून बघा. तेव्हा किती गाड्या पाण्याखाली होत्या! पाणी ओढलेल्या इंजिनात ते दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. वरून इंजिन धुऊन-पुसून लखलखीत केलेलं असतं. त्याला असं पकडा. नोझल काढायला लावा, एक पातळ, सरळ तार त्या भोकातून पिस्टनवर टेकवा, क्रँक हाताने फिरवून पिस्टन अगदी वर आणा आणि तारेवर खूण करा. हेच चारही सिलिंडरला करा. चार खुणा एका रेषेत आल्या पाहिजेत. एखादी खूण अर्धा-एक मिलिमीटर जरी खाली दिसली तरी त्याचा रॉड वाकलेला आहे, आणि मग भाव कितीही पाडला तरी ते घेऊ नका. शिवाय डायनामोच्या जाळीत बोट घालून बघा. पुराची बारीक गाळमाती तिथे सुकून बसते आणि पाण्याच्या फवाऱ्याने सहसा निघत नाही.

ऑइलचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. काळं ऑइल हा डिझेलचा धर्म आहे, त्याची भीती नको. डांबरासारखा घट्ट थर किंवा ताकासारखा पांढरा फेस दिसला तर पुढे चला. क्रँक पान्याने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठेही अडू नये, कुठेही अचानक हलका पडू नये. जमलं तर चेंबर उघडून एक बेअरिंग कॅप काढायला सांगा. विक्रेता कुरकुर करतो, पण माल चांगला असेल तर तोच दाखवतो.

इंजिन अजून गाडीतच असेल तर तुमचं नशीब थोर. सकाळी, पूर्ण थंड असताना स्टार्ट करून बघा. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण सैल करून उलटं ठेवा. ते थरथरलं तर ठीक. धुराच्या फुसक्यांनी उडून पडलं तर ते बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली निसटतोय, रिंगा संपल्या आहेत. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं घ्या. सगळ्यात वरच्या आणि खालच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर मी ते इंजिन सोडतो.

पसंत पडलं की ब्लॉक, हेड आणि चेंबरवर रंगाच्या पेनाने खूण करा, क्रमांकाचा फोटो काढा. बघितलेलं एक आणि टेम्पोतून आलेलं दुसरं, हे होतं. बदलून देण्याची हमी किती दिवसांची आहे ते बिलावर लिहून घ्या. आणि त्या इंजिनासोबत आलेला टर्बो कितीही चांगला दिसला तरी त्याच्यावर विसंबू नका. तो मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. दोन-चार महिने उघड्यावर पडलेल्या टर्बोचा शाफ्ट आणि बेअरिंग कोणत्या अवस्थेत आहेत ते वरून सांगता येत नाही. एक तर नवा, नाही तर जाणकाराकडून कोअर बदलून घेतलेला.

कागद

इंजिन बदलणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालचा फेरफार आहे. आरटीओची परवानगी आधी घ्यायची आणि बदलल्यावर आरसीवर नवा क्रमांक चढवून घ्यायचा. "नंतर बघू" म्हणून राहिलं तर अपघाताचा दावा, गाडीची विक्री, नोंदणीचं नूतनीकरण, सगळं तिथेच अडतं, कारण तपासणाऱ्याला ब्लॉकवर एक क्रमांक दिसतो आणि कागदावर दुसरा.

विक्रेत्याकडून जीएसटी बिल घ्या. त्यावर इंजिन क्रमांक, आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचा नोंदणी व चासी क्रमांक असलाच पाहिजे. ती गाडी अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात मोडली असेल तर तिथली कागदपत्रंही मागा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर इंजिन क्रमांक टाकून ती गाडी चोरीची नाही ना, ते पैसे देण्याआधी तपासा. घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वरून जाड रंग फासलेला क्रमांक दिसला तर हात जोडून निघा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नवा क्रमांक घ्या, आणि जमेल तेव्हा इंजिन प्रोटेक्शनची जोड घ्या. साध्या पॉलिसीत पाण्याने बसलेलं इंजिन सहसा मिळत नाही.

बसवण्याआधी आणि बसवताना

इंजिन बाहेर असताना जे करता येतं ते आत गेल्यावर दुप्पट मजुरीचं होतं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, मागचा क्रँक सील, चेन, टेन्शनर, गाइड, वॉटर पंप, थर्मोस्टॅट: माझ्या हिशेबाने यातलं काहीच "चालेल अजून" या सदरात जात नाही. चेनला हात लावताना क्रँक आणि कॅम लॉक करण्याची योग्य हत्यारं मेस्त्रीकडे आहेत का ते आधीच विचारा. रंगाच्या खुणा मारून चेन बसवणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

मग येतं ते काम जे सगळ्यात जास्त टाळलं जातं: साफसफाई. जुन्या टर्बोने ओकलेलं ऑइल आणि धातूचे कण पाइपांत आणि इंटरकूलरमध्ये (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत) बसलेले असतात. इंटरकूलर उतरवून, सॉल्व्हंटने धुऊन, उलटा टांगून पूर्ण निथळू द्या. आत साचलेलं ऑइल स्टार्टनंतर इंजिनात ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर धावत सुटतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. ऑइल कूलर धुऊन वापरू नका, नवाच लावा, कारण त्याच्या बारीक वाटांत अडकलेली बेअरिंगची पूड पूर्ण निघाल्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. टर्बोला ऑइल नेणारी नळी आणि तिचा पोकळ बोल्ट नवा घ्या. जुन्या नळीला आतून जळक्या ऑइलचा थर चढलेला असतो. सांध्यांना सिलिकॉन फासू नका, कारण त्याचा एक तुकडा सुटला तरी टर्बो उपाशी मरतो.

नोझलवर कोड कोरलेला असेल तर प्रत्येकाचा फोटो घेऊन ठेवा. सिलिंडर बदलला किंवा नोझल बदलला तर तो कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो, नाहीतर इंजिन खडखडतं आणि धूर सोडतं. नोझलखालचे तांब्याचे वॉशर मात्र दर वेळी नवे.

पहिल्या स्टार्टआधी टर्बोच्या ऑइलच्या तोंडात थोडं ताजं ऑइल ओता आणि पंखा बोटाने फिरवा. नोझलचे सॉकेट काढून ठेवा आणि सेल्फ दहा-दहा सेकंद मारा, मध्ये मोटार थंड होऊ द्या. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझला की मगच सॉकेट लावा. चालू झाल्यावर काही मिनिटं नुसतं आयडलवर, ॲक्सिलरेटरला पायही लावायचा नाही. कूलंटमधली हवा याच वेळी काढा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून झडपेतून बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. नंतर पंखा लागून बंद होईपर्यंत गाडीजवळून हलू नका.

पहिले हजार किलोमीटर

बांधलेलं इंजिन असेल तर रिंगांना बसायला भार लागतो, पण पूर्ण बूस्ट नको. कसारा किंवा खंबाटकी घाटात पूर्ण लोड घेऊन जाण्याचा बेत महिनाभर पुढे ढकला. एक्सप्रेसवेवर एकाच वेगाने तासभर चालवणंही रिंगांना मानवत नाही. वेग सतत बदलता राहू द्या. उगाच उभ्या उभ्या तासन् तास आयडलही नको. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, मग हजारला पुन्हा एकदा. दोन्ही वेळा गाळलेलं ऑइल ट्रेमध्ये घेऊन तोच लोहचुंबक फिरवा.

पहिल्या महिन्यात डिप स्टिक दर रविवारी, गाडी सपाट जागी आणि थंड असताना बघा आणि तारखेसह रीडिंग वहीत लिहा. हमीची मुदत संपण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या आणि बसवतानाच्या आकड्यांशी ताडा. एखादा आकडा घसरलेला दिसला तर विक्रेत्याकडे बिल, क्रमांकाचे फोटो आणि दोन्ही वेळचे आकडे घेऊन त्याच दिवशी जा.